चंद्रवाल्याची सही

बापूंना सही असलेला कुठलाही कागद दाखवा, ते तो आधी वाचायचे नाहीत. आधी त्यावरून उजव्या करंगळीचं वाढवलेलं नख फिरवायचे. मग तो कागद लग्नपत्रिका असो, डॉक्टरची चिठ्ठी असो नाहीतर ग्रामपंचायतीचा दाखला. नख सहीच्या सुरुवातीला टेकवायचं, डोळे मिटायचे, शेवटच्या फराट्यापर्यंत जायचं आणि मग निकाल द्यायचा, "हाताची हाय," किंवा "छापील हाय." एकदा माझ्या मुलाचं प्रगतिपुस्तक त्यांच्या हाती लागलं. पालकांच्या सहीवर नख फिरवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही तुझी न्हाई." नव्हतीच. पोरानं त्या दिवशी माझा मार खाल्ला आणि पुढे वर्षभर तो बापूंशी बोलला नाही.

ओतूरच्या बाजारपेठेत शेठजींचं भांड्यांचं दुकान आहे. शेठजींचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजी आमच्यापेक्षा रांगडं मराठी बोलतात. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बापू बसायचे आणि विजेच्या पेनासारख्या मशीननं भांड्यांवर नावं टाकायचे. डिंगोऱ्याहून सकाळच्या जीपनं यायचं, पायरी पुसायची, मशीनची वायर शेठजींच्या बोर्डात खुपसायची, की संध्याकाळपर्यंत घर्रर्र सुरू. तालुक्यातल्या निम्म्या संसारांवर बापूंचं अक्षर आहे. पिंपरी पेंढारला माझ्या घरी डाळीचं पातेलं निघतं त्यावरही, "सौ. हौसाबाई यांजकडून". पायरीला लागूनच माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, सगळं मिळतं. बापूंना जाऊन आता वर्ष होईल, तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी अजून त्या पायरीकडे बघते.

हा असा पायरीवरचा माणूस अंतराळवीरांच्या सह्या जमवायचा. थट्टा नाही करत. आमच्याकडे कुणी जुनी नाणी जमवतं, कुणी शर्यतीच्या बैलांचे फोटो भिंतभर लावतं. बापूंचा शौक एकदम आभाळातला. त्याची सुरुवात रागातून झाली. एक इंजिनिअर बहिणीच्या लग्नाची भांडी घेऊन पायरीवर आला होता. सगळ्या भांड्यांवर नावं टाकून होईपर्यंत दोघांच्या भरपूर गप्पा झाल्या, आणि जाताना खूश होऊन त्यानं बापूंना एका अंतराळवीराचा सहीचा फोटो दिला. बापूंनी तो घरी भिंतीवर लावला, आठवडाभर जाता-येता बघितला आणि आठव्या दिवशी खाली काढून पहिल्यांदा नख फिरवलं. सही छापील निघाली. इंजिनिअरवर त्यांचा राग नव्हता, त्यालाही कुणीतरी तसंच दिलं असणार. पण वर जाऊन आलेल्या माणसाच्या नावानं छापील सही वाटतात, हे काही त्यांच्या पचनी पडेना. खरी मिळवायचीच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

सहीचं एवढं काय हो बापू, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं. मशीन बंद करून बापू बोलले म्हणजे गोष्ट मोठी असायची. त्यांच्या आजोबांनी जन्मभर अंगठा दिला. दुसऱ्यानं काय लिहिलंय ते न कळता द्यायचा. धम्म घेतल्यावर बापूंचे वडील मोठ्या वयात प्रौढांच्या वर्गात जाऊन बसले आणि सही शिकले. त्यांनी पहिली सही केली ती बापूंना शाळेत घालतानाच्या कागदावर, आणि इतक्या जोरानं केली की कागदाच्या पाठीमागे रेघ उठली. त्या कागदाची एक प्रत घरी होती. लहानपणी बापू ती उलटी करून त्या रेघेवरून बोट फिरवत बसायचे. "मानूस तिथं व्हता, हे त्या रेघेवरनं कळतं बघ," बापू म्हणाले. "फोटोवरनं न्हाई कळत." मी एरवी त्यांना उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी मी दुकानात जाऊन एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागून बोट फिरवून बघितलं.

तर सह्या मागायच्या म्हणजे इंग्रजी पत्रं आली, आणि ती माझ्या गळ्यात पडली. बापू सांगायचे आणि मी टाइप करायचे. "सायेब, तुमी वर जाऊन आला, आमी हितंच हाय. तुमची तब्येत बरी असंल. आमच्याकडं औंदा कांदा बरा हाय, येडगावचं धरण भरलंय." मी म्हणायचे, अहो बापू, त्या माणसाला येडगावच्या धरणाशी काय देणंघेणं? त्यावर त्यांचं म्हणणं असं, की त्यानं ते वरून बघितलं असणार, मग भरलंय की नाही हे कळलं तर त्याला बरंच वाटेल. माझा इलाज चालेना. जगभरच्या कितीतरी अंतराळवीरांना आमच्या कांद्याची खबर माझ्या हातून गेली आहे.

बरं, नुसतं पत्र धाडून भागत नव्हतं. रिकाम्या हातानं काही मागू नये, अशी त्यांची शिस्त. म्हणून प्रत्येक पाकिटात स्टीलचा एक चमचा, आणि त्याच्या दांड्यावर त्या अंतराळवीराचं नाव, मराठीत. पोस्टातल्या बाईंना आधी वाटलं, ह्या म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. परदेशी पाकिटात चमचा कशाला, तर म्हणे सहीसाठी. दोनचार वर्षांत त्याही सरावल्या. पुढे त्याच विचारायच्या, "बापू, औंदा रशियाला चमचा नाही का?"

उत्तरं यायची. सगळ्यांची नाही, पण यायची. पत्ता माझ्या दुकानाचा दिलेला, कारण बापू दिवसभर पायरीवरच असत. पाकीट आलं की बापू हातातलं भांडं बाजूला ठेवायचे, हात धुऊन धोतराला नाही, स्वच्छ रुमालाला पुसायचे आणि नख फिरवायचे. तिकडे सह्या करणारी यंत्रंही असतात, हे आम्हाला बापूंच्या नखानं शिकवलं. यंत्र पेन धरतं आणि खऱ्या शाईनं सही करतं. बघणाऱ्याला हाताचीच वाटते. पण ज्याचा जन्म मशीन धरण्यात गेला त्याला यंत्राचा हात ओळखू येणारच. "मानूस कुठं दाबतो, कुठं सोडतो," ते म्हणायचे. "ह्याला बघ, पहिल्यापासनं शेवटापर्यंत सारखाच दाब. दमतच न्हाई."

तरी खात्री केल्याशिवाय ते कुणाला खोटं ठरवत नसत. त्याच अंतराळवीराला मग शेठजींच्या नावानं दुसरं पत्र जायचं, दुसऱ्या चमच्यासकट. दुसरा फोटो आला की त्यावरची सही मी पारदर्शक कागदावर काढून द्यायची आणि बापू तो कागद पहिल्या सहीवर ठेवायचे. दोन्ही केसाकेसाला जुळल्या की संपलं. माणसाची सही दोनदा सारखी येत नाही, आणि आली तर माणूस तिथं नव्हता, हा त्यांचा कायदा. अशा दोन फायली झाल्या, खरी आणि खोटी. खोटी फुगून तिचा पट्टा लागेना. खरीत होते तीन फोटो. तिघंही वर फेऱ्या मारून आलेले, पण चंद्रावर उतरलेला त्यांत एकही नव्हता.

बापूंची कीर्ती पुण्याला कशी पोचली कोण जाणे, पण एकदा तिकडचे एक संग्राहक गाडी घेऊन आले. त्यांच्याकडे भिंगं, पांढरे हातमोजे, सगळा सरंजाम. पाकिटं जपून ठेवली म्हणून त्यांनी बापूंची पाठ थोपटली, कारण सहीबरोबर ती कुठून, कधी आली याचा पुरावा असला की तिची किंमत वाढते म्हणे. मग म्हणाले, एका फोटोवर इंग्रजीत 'बापूंस' असं लिहिलंय, त्यामुळे त्याला बाजारात भाव कमी. बापूंना हे काही केल्या पटेना. "माझं नाव पडलं म्हनून किंमत उतरली? मंग भांड्यावर नाव टाकलं की भांडं स्वस्त व्हतं का?" शेठजी आतून ओरडले, "व्हतंय की, मोडीत घेताना मी कमीच देतो." सगळे हसले. बापू नाही हसले. चाळीस वर्षं आपण लोकांची भांडी स्वस्त करत आलो, हे त्यांना दोन दिवस पुरलं. त्या पाहुण्यांना त्यांनी चहा पाजला, वर एक चमचा दिला आणि फोटो मात्र एकही दिला नाही.

त्यांचा जीव अडकला होता चंद्रवाल्यात. चंद्रावर चाललेल्या माणसाची एक खरी सही, बस्स, त्यापुढे काही नको होतं. ज्याचा हात चंद्राच्या मातीला लागला त्याचाच हात कागदाला लागलेला हवा. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, बापू, त्यांनी तिथं जाड मोजे घातलेले असतात, मातीला हात कुठला लागतो? ते त्या दिवशी माझ्याकडचा चहा प्यायले नाहीत. पण ती माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली, सगळी नव्वदीच्या आसपास. पेपरात त्यांच्यातलं कुणी गेल्याची बातमी आली की बापू घरातलं कुणी गेल्यासारखे बसून राहायचे. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला ते वर्षानुवर्षं पत्रं धाडत होते. त्याचे चारपाच चमचे तरी झाले असतील. उत्तर नव्हतं.

त्याच सुमाराला येडगावच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी त्यांना विचारलं, की तुमच्या वस्तूंचं प्रदर्शन आमच्या मुलांसाठी लावाल का. बापू हो म्हणाले, पण अट घातली. प्रत्येक वस्तूपुढे खरं-खोटं लिहून ठेवणार, आणि खऱ्याला खरं म्हणायचं ते मी तपासल्याशिवाय नाही. बाईंना काय, आनंदच झाला. तारीख दिवाळीनंतरची ठरली. मधल्या काळात बापू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेले, पंधरा दिवस.

आणि नेमकं तेव्हाच ते पाकीट आलं. वर त्या चंद्रवाल्या म्हाताऱ्याचा पत्ता. मी फोन लावला. बापू म्हणाले फोड, पण वरनं फाडू नको, खालच्या कडेनं पात्यानं काप. तसं केलं. आत चमच्यांबद्दल आभार मानणारी दोन टाइप केलेली वाक्यं आणि एक फोटो. पांढऱ्या पोशाखातला माणूस, राखाडी जमीन, कोपऱ्यात निळ्या शाईची सही. मी सगळं फोनवर सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "नीट ठेव गं."

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे कागद नीट ठेवायचा म्हणजे काय करतात? दहावीचं मार्कलिस्ट, जातीचा दाखला, रेशनकार्ड, जे जे जिवापाड जपायचं ते माणूस माझ्याकडे घेऊन येतो. माझ्या दुकानाचं छत त्या साली टिपटिप गळत होतं. बापूंचा डोळा नवा, त्यात सारखं पाणी, बघताना थेंब पडला तर काय घ्या. बापू स्वतःही फोटो प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायचे. मग माझ्या मनानं घेतलं, की आपण त्याहून चांगलं करू. कपाटातलं सगळ्यात जाड पाउच काढलं, मशीन पूर्ण तापू दिलं, एकही बुडबुडा राहू दिला नाही. इतकं सुंदर लॅमिनेशन मी आयुष्यात केलं नव्हतं. चारी कडा कापून, कोपरे गोल करून ठेवले.

बापू आले ते काळा चष्मा लावून. सगळी पेठ गोळा झाली होती. शेठजींनी पेढे आणले होते. बापूंनी हात धुतले, पुसले, मी फोटो दिला. त्यांनी नख सहीच्या सुरुवातीला टेकवलं आणि डोळे मिटले. नख सर्रकन घसरून कडेला गेलं. त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं. मग फोटो उलटा केला, पाठीमागून अंगठा फिरवला. तिकडेही गुळगुळीत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं, आपण काय करून बसलोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापूंनी फोटो रुमालात गुंडाळून बाजूला ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पुढचा महिना मी नाही नाही ते केलं. इस्त्रीनं सुटतंय का ते दुसऱ्या फोटोवर करून बघितलं, तो फोटो प्लास्टिकसकट सोलून निघाला. परदेशात सह्या तपासून दाखला देणारे लोक असतात, त्यांना लिहिलं. त्यांनी नम्रपणे कळवलं, की प्लास्टिकमध्ये बंद झालेल्या वस्तू आम्ही तपासत नाही, शाई आणि दाब कळत नाही, आणि अशा वस्तूला किंमतही उरत नाही. इंटरनेटवर त्या म्हाताऱ्याच्या यंत्राच्या सह्या सापडल्या. त्या मी पारदर्शक कागदांवर काढल्या आणि बापूंनी एकेक ठेवून बघितली. एकही जुळली नाही. मला हायसं वाटलं. पण बापू म्हणाले, आपल्याला न सापडलेलं यंत्र असू शकतं. दुसरी सही मागवावी, तर नवं पत्र पोस्टात पडायच्या आधीच पेपरात बातमी आली. म्हातारा गेला.

म्हणजे आता जे काही होतं ते त्या प्लास्टिकमध्ये होतं. शेठजी म्हणत होते, खरीच आहे, टाका खऱ्या फायलीत, विचारतंय कोण. येडगावच्या बाईही म्हणाल्या, मुलांना चंद्रवाल्याची सही बघायला मिळेल, खरी असं लिहून टाका. बापूंनाही तेच हवं होतं, मला दिसत होतं ना. इतक्या वर्षांची वाट, आणि एक शब्द लिहिला की झालं. तो फोटो दोन्ही फायलींच्या मध्ये पायरीवर पडून असायचा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी बापूंनी मशीन बंद केलं आणि मला हाक मारली.

"ताई, पाकीट फोडल्यावर, मशीनमध्ये घालायच्या आधी, तू नख फिरवलं व्हतंस का?"

त्यांची नक्कल मी रोज करायचे. गिऱ्हाइकाच्या कागदावर नख फिरवून, डोळे मिटून निकाल द्यायचे, पेठ हसायची. त्यामुळे मी हो म्हटलं असतं तर बापूंनी शंभर टक्के मानलं असतं. त्या सहीला उघड्यावर हात लावलेली मी एकटीच. एका शब्दात बापूंचा चंद्र त्यांना मिळत होता, आणि माझीही मान वर होत होती. आतून शेठजी मला डोळ्यांनी खुणावत होते, म्हण की हो. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही बापू," मी म्हटलं. "घाईत होते. सुचलंच नाही."

ते "बरं" म्हणाले आणि मशीन चालू केलं. मी दुकानात जाऊन डोळे पुसले आणि आलेल्या गिऱ्हाइकाला आधारकार्डाच्या दोनऐवजी चार झेरॉक्स दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी येडगावला गेले ती जरा उशिरानंच, हिंमत होत नव्हती म्हणून. शाळेच्या व्हरांड्यात बाकं जोडून बापूंनी सगळं मांडलं होतं. खोट्या सह्यांच्या बाकाशी सगळ्यात जास्त झुंबड, कारण तिथं हात लावायला परवानगी होती. मुलं करंगळ्या पुढे करून रांगेत उभी, आणि बापू एकेकाला यंत्र कसं ओळखायचं ते दाखवत होते. दमतच न्हाई, दमतच न्हाई, असा पोरांचा गलका चालला होता. मला बघून बापूंनी नुसता हात वर केला आणि पुन्हा पोरांत गुंतले.

प्रत्येक वस्तूपुढे त्यांच्या हातानं लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड होतं. मी एकेक वाचत शेवटच्या बाकापर्यंत गेले. तिथं मधोमध, एकटाच, माझा तो गोल कोपऱ्यांचा चकचकीत फोटो. पुढच्या कार्डावर चारच ओळी होत्या.

वस्तू: चंद्रावर चाललेल्या माणसाचा फोटो.
पाकीट: खरं.
सही: सांगता येत नाही.
लॅमिनेशन करणारी: खरी.